विरजण

गॅलरीतल्या खताच्या बादलीचं झाकण भागीरथीबाईंच्या सुनेनं उचललं आणि घाण वास घरभर पसरला. समोरच्या देवधरबाई नाक दाबूनच बजावून गेल्या, "रविवारपर्यंत हा उकिरडा हलवा!"

"एवढ्या हौसेवर विरजण पडलं, आई," सून रडवेली झाली.

भागीरथीबाईंनीही त्या बादलीला आजवर नावंच ठेवली होती. पण 'विरजण' ऐकून त्यांचं कुतूहल चाळवलं. पदर खोचून त्या आत डोकावल्या. भाज्यांच्या साली पाण्यात सडत होत्या. "पडलं कुठं गं? घातलंस तरी कधी? दुधासारखंच असतं हे. विरजलं तर मुरतं, नाहीतर नासतं!"

त्यांनी पाणी निथळवलं, वाळका पाला कालवला, वर वाटीभर आंबट ताक शिंपडलं. मग रोज देवपूजेआधी झाकण उघडून हुंगायच्या. शनिवारी वास गेला. दीड महिन्यात काळंभोर खत हाती आलं.

एका सकाळी देवधरबाई रिकामी वाटी घेऊन दारात. "विरजण मिळेल का हो?"

"दह्याचं की उकिरड्याचं?"

देवधरबाई ओशाळल्या. "उकिरड्याचंच."

"मग सूनबाईला विचारा," भागीरथीबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "आमच्या उकिरड्याची मालकीण ती!"