लोहबाहूचं शेवटचं पान

प्रकाशकांचा फोन ठेवून धाकटा भाऊ स्टुलावर मटकन बसला. "चौथा अंक बंद. खप नाही म्हणे. तिसऱ्यातच गुंडाळा."

थोरल्या बहिणीचा हात कागदावरच थांबला. चार अंकांची चित्रकथा. लिहायचा तो, काढायची ती. हजारो वर्षांनंतरचं जग, जमिनीखाली कोंडलेली माणसं आणि त्यांना सोडवायला निघालेला महाबली लोहबाहू. तिसऱ्या अंकाचं एकच पान काढायचं राहिलं होतं.

"एका पानात? आणि माझी माणसं?"

"लोहबाहू सूर्याकडे झेपावतो. खाली चौकटीत लिहू, 'आणि सगळे मुक्त झाले.' झालं."

"झालं काय, डोंबल! एकेक चेहरा काढताना डोळे गेले माझे. ती म्हातारी, तो बोळका न्हावी, त्या जुळ्या मुली. तीन अंक त्यांना अंधारात सडवायचं आणि सुटका एका ओळीत उरकायची?"

"मग मी काय करू, ताई? माझ्या हातात आहे का? प्रकाशकांना पानभर हिरो हवाय!" त्याचाही आवाज चढला. चौथा अंक त्याने मनात कधीच लिहून ठेवला होता. आता तो कुणीच वाचणार नव्हतं, आणि याचा राग काढायला घरात बहिणीशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

तिने नवा कागद ओढला. दुपारभर ती मान वर न करता काढत राहिली. तिचा चहा गार झाला, तो त्यानेच तोंड वाकडं करून पिऊन टाकला. ती रेघा अशा ओढत होती की दोनदा निब मोडलं.

शेवटी तिने पान त्याच्यापुढे आदळलं.

वर उचललं गेलेलं प्रचंड पोलादी दार. त्याखालून माणसं बाहेर येत होती, एकमेकांच्या पाठीला धरून, डोळे चोळत. म्हातारीने उन्हाला हात आडवा धरला होता. न्हाव्याने उगाचच कंगवा काढला होता. मागे, पार आतपर्यंत, चेहऱ्यांमागे चेहरे होते.

भावाने पान वरखाली करून पाहिलं. "अगं, हिरो कुठाय? वेड लागलंय का तुला? प्रकाशक फाडून खातील आपल्याला."

"एवढं अवजड दार आपोआप वर राहिलंय का?" ती खेकसली. "सगळी माणसं सुटेपर्यंत त्याला दार सोडून बाहेर येता येत नाही."