चाळीस वर्षांची मूठ

गेलेल्या नवऱ्याच्या फोटोकडे बघत आजींनी सुताराला बजावलं होतं, "चाळीस वर्षं ह्यांनी हीच मूठ धरून कपाट उघडलं. जपून हं." तरी कपाटाचं दार दुकानात नेऊन दुरुस्त करताना पितळी मुठीचे दोन तुकडे झालेच. तुकडे खिशात कोंबून त्याने तश्शीच नवी मूठ आणली, व्हिनेगरमध्ये बुडवून चकचकीत मुलामा उतरवला, काळं पॉलिश घासून जुन्यासारखी काळी केली. आज आजींच्या घरी दार बसवताना स्क्रू तीनदा हातातून निसटला. आजींनी मुठीवरून सावकाश अंगठा फिरवला. "जमलं ना, आजी?" त्याने घाम पुसला. "जमलं की. पण सगळीकडून सारखीच काळी कशी रे? ह्यांचा हात पडायचा तिथे आमची चकाकायची." सुताराचा हात नकळत खिशाकडे गेला. आजींनी हात पुढे केला. "एवढा खपलास तर ही राहू दे कपाटाला. आणि मघापासून खिशात खुळखुळतंय ते माझं दे."