खालचं नाव

एकेचाळिसाव्या शिळेवरही दोनच नावं होती. वर राजाचं, खाली आणखी एक. तिथी मात्र एकच.

नीलिमाने फोटोवरून दोन्ही नावं पेन्सिलीने तक्त्यात उतरवली. लॅपटॉपच्या टकटकीने प्रणीत जागा व्हायचा, म्हणून ती हातानेच लिही, डाव्या पायाने झोळीची दोरी ओढत. आठ महिन्यांचं पोर ते. झोपेतही तिची करंगळी शोधायचं.

काम येलहंक्याच्या विश्वासरावांचं होतं. आठव्या शतकातलं त्यांचं लहानसं राजघराणं. राज्य कधीच बुडालं, चारशे वर्षांपूर्वी घरातली भाषाही मराठी झाली, पण दर पिढीला कर्त्याच्या नावाने शिळा उभी करायची रीत त्यांनी सोडली नव्हती. जुनं कन्नड वाचणारे जाणकार शहरात पुष्कळ होते. विश्वासरावांनी निरोप धाडला तो चामराजपेटेतल्या दोन खोल्यांत, तिलाच.

"यजमान चिकोडीकडचे ना?" पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं होतं. नाकात ऑक्सिजनची नळी, सुजलेले पाय पाटावर. "वंशावळ पुरी करा, बाई. वरची नावं, खालची नावं, दोन्ही. माझ्या वडिलांच्या शिळेवर खालची जागा कोरीच राहिली. एकटेच गेले ते. फार दिवस लागले त्यांना."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते.

प्रत्येक शिळेवर चित्र तेच. राजा आडवा, आणि खाली मांडी घालून बसलेली एक लहानखुरी आकृती, राजाचे पाय मांडीवर घेऊन. हा युवराज, नीलिमाने ठरवलं. बाप जाईल त्याच दिवशी गादीवर बसणार, म्हणून तिथी एक. खालचं नाव पुढच्या शिळेवर वर कधीच येत नाही, हे तिला आधी खटकलं. पण राज्याभिषेकाला नाव बदलत असतील, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

एकेचाळिसावी शिळा विश्वासरावांच्या आजोबांची. खालचं नाव बसवंत. त्यापुढचं आडनाव वाचून तिची पेन्सिल थांबली. ते तिच्या सासरचं होतं.

तिने चिकोडीला सासूबाईंना, ठकुबाईंना, फोन लावला.

"बसवंत? तुझ्या आजेसासऱ्यांचा धाकटा भाऊ गं. सात वर्षांचा. येलहंक्याला धन्यांच्या घरी नेला, तो परत आलाच नाही. पटकी झाली म्हणे. मग घरच्यांनी तिथलं बिऱ्हाड मोडलं न् इकडं आले. त्या गावाचं नाव घरात काढायचं नाही, अशी शपथ होती. तू कशाला काढतीस?"

नीलिमाला सगळं कळून चुकलं. वारस म्हणून पोराला नेलं, ते गेलं, आणि गादी दुसऱ्यानेच बळकावली.

लग्नात तिचे वडील चारचौघांत म्हणाले होते, "ना कूळ, ना मूळ. कुणाच्या घरात पडतेस?" ते अजून सलत होतं. आता प्रणीतला कुणी असं म्हणणार नव्हतं.

नवऱ्याला, गिरीराजला, हसू आवरेना. "मग मी उद्या ऑफिसला हत्तीवरून जाऊ? हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर तोही अडकेल."

"चेष्टा पुरे. शिळांवर खालची आकृती नेहमी लहान पोराची आहे. घरातल्या सगळ्यांत धाकट्याला मान असणार. म्हणजे आपला प्रणीत."

"आणि म्हातारा हे कबूल करेल? त्याचीच गादी जाते की. कागद फाडून तोंडावर फेकेल."

भीती तीच होती.

दोन दिवसांनी सकाळीच विश्वासरावांच्या मुलीचा, कौशल्याक्कांचा, फोन आला. "अण्णांचं काही खरं नाही. झालं असेल तेवढं घेऊन आजच या. स्वल्प लवकर. बाळाला पण आणा हं. अण्णा सारखं विचारतात."

अंगणात मल्लाप्पा पाथरवट नव्या शिळेवर छिन्नी चालवत होता. वर विश्वासरावांचं नाव कोरून झालेलं. खाली वीतभर जागा मोकळी. माणूस अजून जिवंत, आणि शिळा तयार. तिने प्रणीतला छातीशी घट्ट धरलं, टोपडं सारखं केलं आणि आत गेली.

विश्वासराव आरामखुर्चीत होते. छाती वरखाली होत होती. तिने तक्ता उलगडला आणि एका दमात वाचून टाकलं.

"खालच्या ओळीतला शेवटचा बसवंत. त्याच्या भावाचा वंश चिकोडीला गेला. त्या वंशात आज सगळ्यांत धाकटा..." तिने कडेवरच्या बाळाकडे पाहिलं. "माझा मुलगा. प्रणीत."

आता कागद फाटणार, म्हणून ती थांबली.

विश्वासरावांनी डोळे मिटले. चेहरा निवला. "सापडलं," ते पुटपुटले. "कौशल्या, सापडलं गं."

"म्हणजे तुम्हाला मान्य आहे? हा वारस आहे हे?"

"वारस?" त्यांनी डोळे उघडले. "आमचे वारस मला पाठ आहेत, बाई. वरची ओळ कधी हरवलीच नव्हती."

कौशल्याक्कांनी तक्ता घेऊन खिडकीतून बाहेर दिला. मग प्रणीतला अलगद तिच्या कडेवरून उचललं आणि खुर्चीपुढे, लोडाला टेकवून बसवलं. तो खुदकन हसला. विश्वासरावांनी एकेक करून पाय पाटावरून उचलले आणि त्याच्या मांडीवर ठेवले.

नीलिमा झेपावली. तिचं मनगट कुणीतरी मागून धरलं. दाराची कडी लागली.

खिडकीत मल्लाप्पा उभा होता. "नाव मिळालं, धनी," तो म्हणाला. "तिथी आजचीच घालू ना?"