पिल्लाचा आवाज

चर्चमधली ईस्टरची मिस्सा संपताच सेलेस्तिना कुणाशी न बोलता घरी आली आणि टीव्ही लावून बसली. कोंबडीच्या हरवलेल्या पिल्लाचं ते जुनं कार्टून आज कितीतरी वर्षांनी पुन्हा लागणार होतं. मराठीत त्या पिल्लाचा आवाज तिच्या मुलाने, मेल्विनने दिला होता, शाळेत असताना. पुढे कॉलेजात असताना तो तापाने गेला. घरात त्याचे फोटो पुष्कळ होते. आवाज तेवढा कुठेच नव्हता.

"अहो, या, सुरू झालं," तिने नवऱ्याला हाक मारली. इनास येऊन बसला.

चित्रं तीच होती, रंग मात्र नवे, झळझळीत. कवच फोडून पिल्लू बाहेर आलं, बोललं, आणि सेलेस्तिनाचा हात गळ्यातल्या क्रुसावर गेला. आवाज दुसऱ्याच कुणा मुलाचा होता.

"नव्याने आवाज भरलेत वाटतं," इनास हळूच म्हणाला.

ती उठून आत निघाली. तेव्हा त्याने टीव्हीचा आवाज पार बंद केला. मेल्विनकडून सगळी वाक्यं त्यानेच पाठ करून घेतली होती. पिल्लू चोच हलवेल तसा तो बोलू लागला, मेल्विनसारखाच शब्दांना हेल देत. सेलेस्तिना दारातून परत फिरली आणि त्याच्या शेजारी टेकली.

पिल्लू कुंपणापाशी आलं, मान उंच करून आईला हाका मारू लागलं. तिथे मात्र इनासच्या तोंडून शब्द फुटेना. पडद्यावर चोच नुसतीच उघडमिट होत राहिली.

सेलेस्तिनाने ओ दिली.