जावांची कॉफी

चिखलदऱ्याहून दर साली कॉफीची ओली फळं एस.टी.नं नागपूरला यायची आणि दोघी जावा ती वाटून घ्यायच्या. थोरली मनकर्णा फळं सोलून, बिया बुळबुळ जाईस्तोवर धुऊन वाळवायची. धाकटी जयवंता अख्खी फळंच गच्चीवर पसरायची. फळातली गोडी उन्हाच्या हातानं हळूहळू बीत उतरायची.

"जयवंताच्या कॉफीची गोडी काही न्यारीच," सासरे दादाजी घोटाघोटाला म्हणायचे. मनकर्णाचा जीव जळायचा.

यंदा फळं पसरली अन् त्याच दिवशी जयवंता उमरेडला माहेरी गेली. मनकर्णानं तिची सारी फळं सोलली, बिया धुतल्या, वाळत घातल्या.

"बुरशी धरली होती वं," जयवंता परतल्यावर मनकर्णा म्हणाली, आणि तिचा चेहरा कधी पडतो ते पाहत राहिली.

जयवंतानं ओंजळभर बिया उचलून नाकाशी धरल्या.

"लय बरं केलं बाई तुम्ही. मले हे जमतच नाही. यांचं रोजचंच आहे, 'वहिनीची कॉफी कशी निर्मळ लागते, तुले काहून जमत नाही?' यंदा तरी तोंड बंद होईन यांचं."