अर्धा चमचा मीठ

अर्धा चमचा मीठ. कंपाउंडरनी चमचा भरला, वरचा उंचवटा सुरीने सपाट केला, त्यातलं निम्मं परत बरणीत टाकलं आणि उरलेलं पातेल्यात सोडलं. मग कार्ड पुन्हा वाचलं. बटाटे, वाटाणे, कांदा, आलं, सगळं लिहिल्याबरहुकूम. जन्मभर दवाखान्यात डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे औषधं बनवलेली. लिहिल्यापेक्षा थेंबभर जास्त घालणं त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं.

कार्डंही दवाखान्यातलीच. औषध कंपन्यांची माणसं गठ्ठेच्या गठ्ठे ठेवून जात. एका बाजूला जाहिरात, दुसरी बाजू कोरी. कंपाउंडर ती घरी आणत आणि बायको कोऱ्या बाजूवर आपले पदार्थ लिहून ठेवी. त्यामुळे त्यांच्या घरी पोटदुखीच्या पाठीवर भोपळ्याचं सूप होतं आणि खरजेच्या पाठीवर सफरचंदाचा जॅम.

बायको गेली आणि बिस्किटांच्या डब्यातली ही कार्डं मागे राहिली. कधी स्वतःचा चहा न केलेल्या माणसाने कंबर कसली. रोज एक कार्ड. तिच्या हातची चव पुन्हा एकदा जिभेवर यावी, बाकी काही नको. पण ती काही केल्या येईना. सूप सपक, भाजी सपक. दुसऱ्यांदा केलं तरी तेच.

वरून मीठ घ्यावं, असं मनात आलं नाही असं नाही. पण ती वाट त्यांनी स्वतःच बंद केली होती. लग्न झाल्यापासून रोज पहिल्या घासाला ते एकच वाक्य बोलत आले होते. "मीठ कमी आहे." त्यावर ती म्हणे, "तुमच्या जिभेचीच खोड आहे ती," आणि मिठाची वाटी पुढे सरकवी. वाटी आधीपासूनच मांडलेली असे. ताटाच्याही आधी. ते चिमूटभर घेत, कालवत, मान हलवत आणि पुढे मुकाट जेवत. ती गेल्यावर त्यांना वाटलं, बाईने जन्मभर रांधलं आणि आपण जन्मभर नावं ठेवली. आता तरी ती करायची तसं, तेवढंच खायचं. वाटी त्यांनी कपाटात अगदी वरच्या फळीवर ठेवून दिली.

बोलण्यातले ते कधीच नव्हते. दवाखान्याच्या खिडकीतून दिवसभर "बाटली हलवून घ्या" एवढंच म्हणत. गल्लीतल्या पोरांनी त्यांचं नावच 'हलवून घ्या' ठेवलं होतं. घरी आल्यावर तेवढंही नाही. आता तर अख्खा दिवस घशातून आवाज निघत नसे. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जाई, दुकानात यादी दाखवली की काम होई. घर खायला उठे.

शेवटी त्यांनी आपलं आपणच निदान केलं. दुःखाने जीभ मेली. मग कार्डं ठेवून तरी काय करायचं? त्यांनी धाकट्या मेव्हणीला निरोप धाडला, डबा घेऊन जा, तुझ्याकडे निदान वापरात राहील.

मेव्हणी आली तेव्हा पातेलं नुकतंच खाली उतरलं होतं. बाई तोंडाची फटकळ. चप्पल काढली तशी सरळ स्वयंपाकघरात शिरली, चमच्याने रस तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं.

"भाऊजी, मीठ कुठाय यात?"

"घातलंय. लिहिल्याप्रमाणे."

म्हणजे जीभ मेलेली नव्हती. हे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत तिने कार्ड उचललंही होतं. "अर्धा चमचा? एवढ्या पातेल्याला?" तिने डब्यातून दुसरं कार्ड काढलं, तिसरं काढलं. जिथे तिथे मीठ निम्मंच. ती खुर्चीत बसली आणि एकाएकी हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले.

"म्हणजे ताईने शेवटपर्यंत सोडलं नाही तर!"

"काय सोडलं नाही?"

"मी विचारलं होतं तिला एकदा. म्हटलं, का गं, एवढा छान स्वयंपाक तुझा, मिठाचाच अंदाज कसा नाही तुला? तर म्हणाली, 'अगं, मीठ बरोबर पडलं की हे जेवताना एक शब्द बोलत नाहीत. दोनदा करून बघितलंय.'"

मेव्हणीने डब्याचं झाकण लावलं आणि डबा काखोटीला मारायला गेली, तेव्हा कंपाउंडरनी त्यावर हात ठेवला.

"राहू दे."

ती गेली. कंपाउंडरनी स्टुलावर चढून वाटी खाली काढली आणि आधी ती मांडली, मग ताट. समोरची खुर्ची नीट सरळ केली. पहिला घास घेतला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले. आवाज घोगरा निघाला, त्यांचा त्यांनाच परका वाटला.

वाटी सरकवायला कोणी नव्हतं. त्यांनीच ती ओढली, चिमूटभर मीठ घेतलं, कालवलं. दुसरा घास तोंडात गेला आणि ती चव आली. तीच. एरवी इथे ते मान हलवून गप्प बसत. आजही मान हलली. मग त्यांनी घसा खाकरला आणि समोरच्या खुर्चीला इतक्या वर्षांचं राहिलेलं दुसरं वाक्य सांगितलं.

"बाकी फार छान झालंय."