धुरपताबाईची नजर

दसऱ्याच्या दिवशी मोटारी दुरुस्त करणाऱ्या भावसिंग मिस्त्रीच्या म्हाताऱ्या आईनं, धुरपताबाईनं, किसनरावांची मोटार पाहून एवढंच म्हटलं होतं, "लय चांगली गाडी हाय बापा." किसनरावांनी तिच्यादेखतच लिंबू-मिरची आणली आणि कोणी तोडून नेऊ नये म्हणून बोनेटच्या आत तारेनं करकचून बांधली.

त्याच दिवसापासून मोटार उभ्या जागी थरथरायला लागली, फुरफुरत बंद पडायला लागली. "तुह्या मायची नजर लय जबर! लिंबानंबी हटली नाही," असं भावसिंगला सुनावून किसनरावांनी बाजाराच्या दिवशी, अख्ख्या पांढरकवडा गावासमोर, त्या म्हातारीला मोटारीवरून मीठ-मोहऱ्या उतरवायला लावल्या. तिनं मान खाली घालून उतरवल्या. मोटार थरथरतच राहिली.

भावसिंगचं डोकं सणकलं. किसनरावांना बाजूला सारून त्यानं तिथंच, सगळ्यांसमोर, बोनेट उघडलं आणि चालू इंजिनाजवळ कान नेला. कुठून तरी सूंऽऽ आवाज येत होता. त्या जुन्या मोटारीचे वायपर इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालायचे; त्यांच्याकडे जाणारी रबरी नळी फाटली होती आणि इंजिन तिथून फुकटची हवा ओढत होतं. त्यानं नळीत रुतलेलं काहीतरी हिसडून काढलं, भोकावर अंगठा दाबला, आणि मोटार गरीब गाईसारखी शांत झाली.

 

अंगठा तसाच ठेवून त्यानं दुसऱ्या हातातली, वाळलेलं लिंबू लोंबत असलेली तार किसनरावांच्या नाकासमोर धरली, "सापडली माह्या मायची नजर, किसनराव. गाठ तुमच्या हातची हाय."